दाढ काढली, इम्प्लांट कधी?

दाढ काढून झालेली असते, तोंडात कापसाचा बोळा दाबून धरलेला असतो आणि खुर्चीतून उठता उठता पेशंट खुणेनेच विचारतो, आता इथे इम्प्लांट कधी बसवायचं? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा तास उशिरा आलेला. आधी विचारला असता तर दाढ कदाचित वेगळ्या पद्धतीने काढली गेली असती: पकडीने हलवून हलवून उपटण्याऐवजी मुळं एकेक सुटी करून, भोवतालच्या हाडाला शक्य तितका कमी धक्का लावून. इम्प्लांट सोपं जाणार की अवघड, हे पुष्कळदा त्या अर्ध्या तासात ठरतं.

दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका पातळ तंतूंचा पदर असतो. हे तंतू ज्या हाडात घुसलेले असतात, ते हाड केवळ दातासाठी असतं. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर ते विरघळवून टाकतं. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांमध्ये एक मिलिमीटरहून पातळ असते आणि जवळपास सगळी याच हाडाची असते. म्हणून पुढचा दात काढल्यावर काही महिन्यांत ओठाखाली खळगा पडलेला दिसतो. डेन्मार्कमधल्या लार्स श्रॉप आणि सहकाऱ्यांनी दाढा-उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटली होती, आणि या घटीचा दोन-तृतीयांश वाटा पहिल्या तीन महिन्यांतला होता.

त्याच वेळी खोबणीच्या आत उलटं काम चालू असतं. रक्ताची गुठळी होते, आठवड्याभरात तिच्या जागी कोवळं लालसर मांस येऊ लागतं, महिना-दीड महिन्यात वरून हिरडी मिटते, तीन-चार महिन्यांत खोबण बऱ्याच अंशी नव्या हाडाने भरते. म्हणजे लवकर गेलात तर जबड्याची रुंदी शाबूत, पण मध्ये पोकळी. उशिरा गेलात तर पोकळी भरलेली, पण जबडा अरुंद. ‘इम्प्लांट कधी’ यावर गेली तीसेक वर्षं जो वाद चालू आहे, तो मुळात एवढाच आहे.

2004 मध्ये क्रिस्टोफ हेमर्ले, स्टीफन चेन आणि थॉमस विल्सन यांनी या वेळांची जी विभागणी केली, ती आज जगभर वापरतात. दात काढला त्याच बैठकीत इम्प्लांट, हा पहिला प्रकार. हिरडी मिटल्यावर म्हणजे चार ते आठ आठवड्यांनी, हा दुसरा. खोबणीत हाड दिसण्याइतपत भरल्यावर, बारा ते सोळा आठवड्यांनी, हा तिसरा. आणि जागा पूर्ण भरून आल्यावर, सोळा आठवड्यांहून उशिरा, हा चौथा. यात कळीची गोष्ट अशी की आठवड्यांचे आकडे केवळ अंदाजाचे. निर्णय खोबण कोणत्या अवस्थेत आहे त्यावर घ्यायचा. साठीतल्या मधुमेही पेशंटची खोबण आणि पंचविशीतल्या तरुणाची खोबण आठव्या आठवड्यात सारखी दिसत नाहीत.

सगळं आकर्षण अर्थातच पहिल्या प्रकाराचं. एकच शस्त्रक्रिया, एकदाच भूल, आणि जमलं तर त्याच दिवशी तात्पुरता दात. नव्वदच्या दशकात असाही समज रूढ होता की रिकाम्या खोबणीत लगेच इम्प्लांट घातलं की हाडाची झीज थांबते. तो टिकला नाही. इम्प्लांटला तंतूंचा पदर नसतो, त्यामुळे दातावर अवलंबून असलेलं हाड इम्प्लांट असो वा नसो, विरघळतंच. हे मॉरिसिओ अरौजो आणि यान लिंडे यांनी 2005 च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं आणि माणसांवरच्या पाहण्यांतही तेच दिसलं. तेव्हापासून तत्काळ इम्प्लांट करणारे डॉक्टर ते टाळूच्या बाजूला सरकवून बसवतात आणि ओठाकडच्या फटीत हाडाची पूड भरतात. ही पूड झीज थांबवत नाही, तिची किंमत कमी करते.

तत्काळ इम्प्लांटसाठी अटी कडक आहेत. खोबणीच्या भिंती शाबूत हव्यात. मुळाच्या टोकापलीकडे तीन-पाच मिलिमीटर पक्कं हाड हवं, कारण इम्प्लांट म्हणजे मुळात स्क्रू, आणि त्याची पकड तिथेच मिळते. हिरडी जाडसर हवी. पू वाहत असेल तर पूर्वी साफ नकार दिला जाई; आता खोबण नीट खरवडून स्वच्छ करता आली तर काही तज्ज्ञ पुढे जातात, पण तो अनुभवी हातांचा खेळ आहे. 2019 मधल्या एका पद्धतशीर आढाव्यात तत्काळ बसवलेली सुमारे 95 टक्के इम्प्लांट टिकलेली होती, थांबून बसवलेली सुमारे 99 टक्के. फरक छोटा वाटेल. पण शंभरातल्या एकाऐवजी पाच जणांना पुन्हा शस्त्रक्रियेला जावं लागणं हे त्या जास्तीच्या चौघांच्या दृष्टीने छोटं नाही. शिवाय टिकणं म्हणजे चांगलं दिसणं नव्हे: वरच्या पुढच्या दातापाशी हिरडी एक-दीड मिलिमीटर वर सरकली तरी हसताना दिसते.

बर्नचे डॅनियल बूझर म्हणूनच पुढच्या दातांसाठी दुसऱ्या प्रकाराचे पुरस्कर्ते राहिले. दात काढायचा, हिरडी मिटू द्यायची, चार-आठ आठवड्यांनी इम्प्लांट बसवताना बाहेरून हाडाची भर घालायची. मला हा मार्ग समंजस वाटतो, विशेषतः भिंत पातळ किंवा तुटलेली असेल तेव्हा. मागच्या दाढांचा प्रश्न वेगळा. दोन-तीन मुळांची खोबण एवढी रुंद असते की स्क्रूला धरायला मधला हाडाचा पडदा तेवढा उरतो. तिथे सौंदर्याची घाई नाही, मग तीन महिने थांबण्यात फारसं नुकसान नाही. उशीर होणारच असेल, पैशांची जुळवाजुळव करायची असेल किंवा दुसरं आजारपण चालू असेल, तर दात काढतानाच खोबणीत हाडाची पूड भरून वर पातळ पडदा लावण्याची सोय आहे. त्याने रुंदीची घट सरासरी दीड-दोन मिलिमीटरने वाचते. हे थोडं वाटेल, पण दीड-दोन मिलिमीटर म्हणजे पुढे हाड जोडण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागणं आणि न लागणं यांतला फरक असू शकतो.

ही पूड येते कुठून, हे पेशंटला क्वचितच सांगितलं जातं. जगात सर्वाधिक अभ्यासली गेलेली, बायो-ऑस या नावाने विकली जाणारी पूड गायीच्या हाडापासून बनते. वर घालायचे कोलॅजनचे पडदे पुष्कळदा डुकराच्या ऊतींपासून. पुडीतला सेंद्रिय अंश प्रक्रियेत काढून टाकलेला असतो आणि वैद्यकीयदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही. पण आपल्याकडे अनेक घरांत याला श्रद्धेच्या कारणाने नकार असेल, आणि तो कळण्याची वेळ शस्त्रक्रियेनंतरची नसावी. पर्याय आहेत: कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट, माणसाच्या दान केलेल्या हाडापासून केलेली पूड, किंवा स्वतःच्याच जबड्यातून घेतलेलं हाड. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी दान मिळालेल्या हाडांवर अशी प्रक्रिया करते. डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही तर पेशंटने विचारावं.

इम्प्लांट बसलं की दुसरी थांबणी सुरू होते: स्क्रू आणि कॅप यांच्यामधली. तिचं कारण समजून घ्यायला इम्प्लांटच्या जन्मकथेकडे जावं लागतं. 1952 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला थेट चिकटलं होतं. 1965 मध्ये गोथेनबर्गला त्यांनी गोस्टा लार्सन या, जन्मतः टाळू दुभंगलेल्या आणि खालचे दात नसलेल्या माणसाच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवली. लार्सन 2006 मध्ये वारले तोवर ती चालू होती. दंतवैद्यकाने मात्र बराच काळ ब्रोनमार्कना दारात उभं केलं नव्हतं. 1982 मध्ये टोरंटोला जॉर्ज झार्ब यांनी परिषद भरवली, पुरावे पुढे ठेवले गेले, आणि मग चित्र पालटलं.

ब्रोनमार्कचा दंडक असा होता: खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रूवर कसलाही भार नको. त्या स्क्रूचा पृष्ठभाग गुळगुळीत होता. पुढे वाळूचा मारा आणि आम्लाचा वापर करून तो खडबडीत केला जाऊ लागला, हाड लवकर धरू लागलं, आणि चांगल्या हाडात सहा-आठ आठवड्यांनी कॅप घालणं मान्य झालं. वरच्या जबड्याचं मागचं हाड मऊ असतं, तिथे जास्त थांबतात. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. दाढ जाऊन वर्षं झाली असतील तर ती खाली उतरून हाडाची उंची दोन-चार मिलिमीटरच उरते, आणि मग सायनसचा पडदा उचलून हाड भरण्याचं काम वाढतं. खालच्या जबड्यात धोका नसेचा. ओठाला संवेदना देणारी नस हाडातून जाते आणि स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर लांब ठेवायचं असतं. म्हणूनच साध्या एक्स-रेवर भागवू नये. सीबीसीटी स्कॅनमध्येच हाडाची जाडी आणि नसेचा मार्ग तिन्ही मितींत दिसतो.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती पुणे, ठाणे, नाशिकच्या रस्त्यांवर दिसतात. त्यात सगळंच खोटं नाही. जबड्यातले सगळे दात गेले असतील तर चार किंवा अधिक इम्प्लांट एका ताठ पट्टीने जोडून लगेच दात लावण्याची पद्धत लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रूढ केली आणि तिच्यामागे भरपूर पुरावा आहे. एकमेकांना बांधलेले स्क्रू हलत नाहीत, हे तिचं गमक. एकटी दाढ बदलताना तसा आधार नसतो, आणि दाढेवर तर चावण्याचा जोर सर्वाधिक. हाडाच्या तळाशी कठीण थरात पकड घेणाऱ्या बेसल इम्प्लांटच्या नावावर असे दावे बरेच होतात. त्यांचा दीर्घकाळाचा, तटस्थ अभ्यास अजून तुटपुंजा आहे.

परदेशातले मराठी लोक या जाहिरातींचे विशेष ग्राहक. अमेरिकेत एका दाताला तीन ते पाच हजार डॉलर लागतात, ब्रिटनच्या एनएचएसमध्ये अपवाद वगळता इम्प्लांट मिळत नाही, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत, कुठल्यातरी लग्नाच्या निमित्ताने, दोन आठवड्यांत दाढ काढून इम्प्लांट करून जायचा बेत असतो. हाड मात्र परतीच्या तिकिटाप्रमाणे वागत नाही. या लोकांसाठी दोन फेऱ्यांचा बेत खरा: दात राहत्या देशात काढून घ्यायचा, तीन महिन्यांनी इथे येऊन इम्प्लांट, पुढच्या फेरीत कॅप.

कोणी सबुरीने घ्यावं? तंबाखूवाल्यांनी आधी. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास भरतं. आपल्याकडे त्यात मिसरी, मावा आणि विदर्भातला खर्रा यांची भर. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन जबडा दोन बोटंही उघडत नाही अशी माणसं दंत महाविद्यालयांत रोज येतात. तिथे मागच्या दाढेपाशी ड्रिल शिरतच नाही. आधी तोंड उघडण्याचे उपचार आणि कर्करोगाची तपासणी. मधुमेह हा स्वतः अडसर नाही, बेलगाम मधुमेह आहे; एचबीए1सी सातच्या आसपास असेल तर निकाल इतरांसारखेच येतात. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अ‍ॅलेंड्रोनेटच्या आठवड्याच्या गोळ्या किंवा वर्षाचं झोलेड्रोनिकचं इंजेक्शन चालू असलेल्या बायकांनी ते दंतवैद्याला दात काढण्याआधीच सांगावं. या औषधांमुळे जबड्याचं हाड मृत होण्याची शक्यता असते. हाडाच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत ती कमी, कर्करोगाच्या उपचारातल्या मात्रेत बरीच जास्त. जबड्याला रेडिएशन झालेल्यांचंही तसंच. आणि क्रिकेट खेळताना पुढचा दात गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला इम्प्लांट बसवू नये. जबडा वाढत राहतो, इम्प्लांट जागच्या जागी राहतं, आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत शेजारच्या दाताला चिकटवलेला तात्पुरता दात पुरतो.

इम्प्लांट हवंच का, हा प्रश्नही या निर्णयाचा भाग आहे, जरी खुर्चीत बसल्यावर तो क्वचित निघतो. शेजारचे दोन्ही दात आधीच किडलेले, कॅपची गरज असलेले असतील तर तीन दातांचा ब्रिज हा उत्तम पर्याय आहे. ते धडधाकट असतील तर केवळ ब्रिजसाठी त्यांना घासणं वाईट. कवळी स्वस्त आहे, काढ-घाल करावी लागते, एका दातासाठी गैरसोयीची. आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे. नायमेगेनचे आर्न्ट काइझर यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की पुढचे दात आणि उपदाढा मिळून वीसेक दात नीट भेटत असतील तर बहुतेकांचं चावणं आणि दिसणं दोन्ही चालून जातं. अगदी मागची दाढ गेलेल्या सत्तरीच्या माणसाला भीती घालून इम्प्लांट विकणं हा व्यवहार झाला, उपचार नव्हे. तीच गोष्ट ‘रूट कॅनालवर पैसे घालवू नका, काढून इम्प्लांट करू’ या सल्ल्याची. नीट केलेलं रूट कॅनाल आणि नीट केलेलं इम्प्लांट सारखंच टिकतं. फक्त मूळ हिरडीखाली उभं चिरलं असेल तर दात वाचत नाही.

खर्चाचं बोलायचं तर मोठ्या शहरांत एका दाताला कॅपसकट तीस-चाळीस हजार सहज लागतात. स्विस कंपनीचं असेल तर बरंच वर, कोरियन, इस्रायली किंवा भारतीय असेल तर खाली. हाडाची पूड आणि स्कॅन वेगळे. मेडिक्लेम सहसा याला पैसे देत नाही, अपघात सोडून. मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे खर्च पुष्कळ कमी येतो. वेळ मात्र लागतो. आणखी एक: आपल्याकडे एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, त्यांत इम्प्लांटची वेगळी शाखा नाही. बीडीएस झालेला कोणीही इम्प्लांट बसवू शकतो, आणि काही जण फार चांगली बसवतातही. तेव्हा पाटीवरची अक्षरं मोजण्यापेक्षा या डॉक्टरांनी बसवलेली, पाच-दहा वर्षं झालेली इम्प्लांट किती आहेत आणि ते पेशंट तपासणीला येतात का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

इम्प्लांटला कीड लागत नाही, यावरून ते अमर असल्याचा गैरसमज होतो. हिरडीचा आजार त्यालाही होतो, आणि नैसर्गिक दातापेक्षा वेगाने खोल जातो. 2015 मध्ये यान डेर्क्स आणि क्रिस्टियानो टोमासी यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले तेव्हा इम्प्लांट असलेल्या सुमारे 43 टक्के माणसांत भोवतालच्या हिरडीची सूज आणि सुमारे 22 टक्क्यांत हाडाची झीज आढळली. ज्यांचे दात पायोरियाने पडले त्यांना हा धोका अधिक, कारण तोंड तेच आणि जंतूही तेच. कॅप चिकटवताना हिरडीखाली उरलेलं सिमेंट हे आणखी एक कारण. म्हणून स्क्रूने बसणारी कॅप शक्य असेल तिथे बरी. दुखत नाही म्हणून ठीक आहे, असं इथे धरून चालत नाही. बरंच हाड जाईपर्यंत पुष्कळदा दुखतच नाही. दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज, आणि वर्षातून किमान एकदा तपासणी. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते.

शेवटी कागदाचं. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, लांबी-जाडी आणि लॉट क्रमांक छापलेलं सुटं स्टिकर असतं. पंधरा वर्षांनी कॅपचा स्क्रू सैल झाला आणि तेव्हाचे डॉक्टर निवृत्त झालेले असले किंवा तुम्ही गाव बदललेलं असलं, तर नवा डॉक्टर याच माहितीवरून योग्य स्क्रूड्रायव्हर आणि सुटे भाग मागवतो. ती नसेल तर एक्स-रेवरून अंदाज करत बसावं लागतं. ते स्टिकर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्या आणि आधार कार्डाच्या शेजारी ठेवा.